दुपारी जागं कोणी राहायचं?

फांग सरांच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी दुपारी झोपत नाही, ही बातमी शाळेत गोवरासारखी पसरली. आधी शेजारच्या वर्गाला लागण झाली, मग शिक्षकांच्या खोलीला, आणि एक दिवस जेवणाची भांडी न्यायला येणाऱ्या बाईंनीच आवाज खाली आणून विचारलं, "सर, ती कुठली हो? ती डोळे उघडे ठेवणारी?"

सरांनी खिडकीजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. बाईंनी निरखून पाहिलं, हळहळल्या आणि म्हणाल्या, "दिसते तर चांगल्या घरची."

जेवण झालं, दात घासून झाले, की शाळेतले दिवे मालवायचे, पडदे ओढायचे, आणि पहिलीपासून सहावीपर्यंत सगळ्यांनी बाकावर हाताची घडी, घडीवर डोकं आणि डोक्यात काहीही नाही अशा अवस्थेत पडून राहायचं, हा नियम कोणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. या मुलांच्या आजोबांनीही याच शाळेत गालांवर बाकाचे वळ उठवून घेतले होते. आजोबा मोठे झाले, मासळीच्या तळ्यांचे मालक झाले, पण दुपारचं आडवं होणं सुटलं नाही. दुपारच्या त्या वेळी गावात बँकेचा कारकूनही टेबलावर डोकं ठेवून असायचा, आणि पैसे काढायला आलेला माणूस बाकड्यावर बसून त्याला सोबत करायचा.

शाळेत मात्र झोपेला गुण होते. सहावीतली मुलं दंडाला पट्ट्या बांधून व्हरांड्यातून चवड्यांवर फिरायची आणि खिडकीतून आत बघायची. एक डोकं वर दिसलं की एक गुण कापला. आठवड्याच्या शेवटी ज्या वर्गाचे गुण जास्त त्याच्या दारावर पिवळा झेंडा लागे आणि शुक्रवारी त्या वर्गाला घरचे कपडे घालून यायची मुभा मिळे. फांग सरांच्या दारावर हा झेंडा इतके दिवस होता की त्याचा खिळा गंजला होता.

या सत्राला लाइ मिन-आन वर्गात आली आणि झेंडा उतरला.

मिन-आनचे वडील लांबच्या मासेमारी बोटीवर आणि आईचं बाजाराजवळ नाश्त्याचं दुकान. मुलगी शांत, अभ्यासात बरी, भांडण नाही, तक्रार नाही. दुपारी दिवे गेले की ती सांगितल्याप्रमाणे छोटी उशी बाकावर काढायची, उशीवर कोपरं टेकायची, तळव्यांत हनुवटी ठेवायची आणि बघत बसायची. एवढंच. नुसतं बघत.

हे सगळं फांग सरांना ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, कारण त्या वेळी ते झोपलेले असत.

सरांच्या झोपेविषयी इथे दोन शब्द बोलणं भाग आहे. सर पन्नाशी ओलांडलेले, एकटे, आणि घरी ऐंशीच्या पुढची आई. आईने हल्ली रात्र आणि दिवस यांची अदलाबदल केली होती. ऐन रात्री ती कमरेला एप्रन बांधून मासळीचा गाळा उघडायला निघायची. तो गाळा विकूनही जमाना झाला होता. सर उठायचे, तिला परत आणायचे, चपला काढायचे, झोपवायचे. थोड्या वेळाने पुन्हा दाराची कडी वाजायची. हे त्यांनी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती असं नाही, पण सांगितलं असतं तर तीन जणांनी तीन वृद्धाश्रमांचे पत्ते दिले असते. तेव्हा सलग, स्वप्नासकट, घोरण्यासकट अशी जी काही झोप सरांच्या वाट्याला यायची ती दुपारी वर्गातच. ती गेली असती तर सर उभे राहू शकले नसते, इतकी साधी गोष्ट होती.

सरांनी मिन-आनला टेबलाशी बोलावलं.

"झोप का येत नाही गं तुला?"

"माहीत नाही सर. मी विचार केला, पण विचार करताना आणखीनच येत नाही."

"निदान डोकं खाली ठेवून डोळे मीट."

"डोळे मिटले की बाहेरचं दिसत नाही."

"बाहेर काय आहे एवढं?"

मिन-आनने उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग काहीतरी विचार करून मिटलं. "सर, एक विचारू? समाजशास्त्राच्या पुस्तकात तो धडा आहे ना, शाळेतले हक्क आणि जबाबदाऱ्या? त्यात विश्रांती डाव्या पानावर आहे. हक्कांच्या. उजव्या पानावर वर्ग झाडणं, वेळेवर येणं, मोठ्यांना नमस्कार करणं."

"बरं मग?"

"हक्क असेल तर तो मला नको, असं म्हणता येतं का? आणि म्हणता येत नसेल तर तो चुकीच्या पानावर छापलाय का?"

हा धडा सर पंचवीसेक वर्षं शिकवत होते. मुलं तो पाठ करायची, पेपरात लिहायची आणि विसरायची. धड्याची अशी वाहतूक सुरळीत चालू असताना मधेच कोणी थांबून पाटी वाचावी, असं पहिल्यांदाच झालं होतं. सरांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांना स्वतःलाच उत्तर जाणून घ्यावंसं वाटलं, आणि हे लक्षण शिक्षकाच्या तब्येतीला चांगलं नसतं.

"वर्गसभेत मांड," ते म्हणाले. सुटका करून घ्यायला वर्गसभेइतकी चांगली जागा नाही.

शाळेत लोकशाही शुक्रवारी शेवटच्या तासाला असायची. अध्यक्ष होता त्साइ बो-येन, पालक संघाचे प्रमुख त्साइ यांचा चिरंजीव. तो बापासारखाच खाकरून सुरुवात करायचा. सर नियमाप्रमाणे मागे बसले. शिक्षकाने सभेत शेवटी बोलायचं असतं, तोवर नाही.

"ठराव आलाय," बो-येन खाकरला. "लाइ मिन-आनने झोपावं. अनुमोदन?"

अनुमोदनाला हात कमी आणि पाय जास्त आपटले गेले.

"अध्यक्ष महाराज, हिच्यामुळे मला शुक्रवारी डायनासोरचा शर्ट घालता येत नाही."

"तो तुला आता होतही नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

"विषयाला धरून बोला! मिन-आन, तुझं काय म्हणणं?"

"मला झोप येत नाही," मिन-आन उभी राहून म्हणाली. "आली तर मी अडवणार नाही."

"अगं मग सोंग घे ना!" गुबगुबीत कुन-दा वैतागून उठला. "काय अवघड आहे त्यात? डोळे मिटायचे, तोंड जरासं उघडं ठेवायचं आणि पट्टीवाले खिडकीशी आले की एक उसासा टाकायचा. मी रोज टाकतो."

अध्यक्षांनी हातातला कागद खाली ठेवला.

"रोज?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्हणजे... कधी कधी."

"तू झोपत नाहीस?"

"तू झोपतोस?"

बो-येनचे कान लाल झाले. "अध्यक्षांना प्रश्न विचारायचा नसतो."

"मी मनातल्या मनात गाणी म्हणते," एक मुलगी हळूच म्हणाली.

"मी बाकाखालून याला लाथा मारतो."

"म्हणजे तो तू होतास?"

खरंच झोपणाऱ्यांनी हात वर करावेत, असं अध्यक्षांनी फर्मावलं. दोन हात वर झाले. त्यातला एक आजूबाजूला पाहून खाली आला.

"मग झोपतं कोण?" कुन-दाने विचारलं, आणि सगळ्या वर्गाने मान वळवून मागे पाहिलं.

"सर झोपतात," मिन-आन म्हणाली. "सरांची झोप खरी आहे. मी खात्रीने सांगते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कौतुकच होतं. ती एकुलती एक साक्षीदार होती आणि साक्ष देत होती. शेवटी प्रथेप्रमाणे सरांना चार शब्द बोलायला सांगितलं. सरांनी उठून सभा शिस्तीत झाली एवढंच म्हटलं आणि खाली बसले. त्यांना दोनच शब्द जास्त सुचले होते, पण ते मुलांसमोर बोलायचे नव्हते.

संध्याकाळपर्यंत पालकांचा ग्रुप पेटला. 'मुलं झोपत नाहीत!' इथपासून सुरुवात झाली. 'मग त्या वेळात गणित का घेत नाहीत?' कोणीतरी विचारलं. 'झोप नाही मिळाली तर उंची वाढत नाही,' एका आईने कळवलं. 'माझा मुलगा झोपूनही बुटकाच आहे,' दुसरीने उत्तर दिलं. आणि मग त्साइ यांचा संदेश आला. त्यात एकच ओळ होती: 'मुलांच्या वेळेत मास्तर झोपतो?'

सोमवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिका श्यू बाईंनी बैठक बोलावली. टेबलावर चहा आणि पेरूच्या फोडी होत्या. त्साइ स्वतःच शाळेला दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळाखाली बसले. ते नेहमी तिथेच बसत, म्हणजे वेळ पाहणाऱ्याला देणाऱ्याचं नावही दिसे आणि देणाराही. मिन-आनची आई तेलाच्या वासासकट दुकानातून आली होती आणि एका कोपऱ्यात अवघडून बसली होती.

"हे बघा," त्साइ म्हणाले, "मी शाळेच्या कारभारात नाक खुपसणारा माणूस नाही."

श्यू बाईंनी चहाचा कप उचलून तोंड झाकून घेतलं.

"पण मुलांना हक्क आहेत की नाहीत? झोपायचं त्याने झोपावं, नाही त्याने बसावं गुपचूप. जबरदस्ती कसली? आमच्या वेळी छडी होती म्हणून आम्ही झोपायचो. आता छडी गेली ना? मग झोपही जाऊ द्या."

याला सगळ्यांनी माना डोलावल्या. मिन-आनची आई इतकी गहिवरली की तिने पेरूची फोड उचलली. ठराव झाला: ज्या मुलांना जागं राहायचं त्यांनी वर्गातच, आवाज न करता जागं राहावं. सगळ्यांना एकदम फार पुढारल्यासारखं वाटलं.

"छान," श्यू बाई म्हणाल्या. "आता मुलं जागी म्हटल्यावर त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी मोठं माणूस जागं हवं. कोण राहील?"

सगळ्यांचे हात एकदम पेरूच्या फोडींकडे वळले.

"पालकांनी आळीपाळीने यायला काय हरकत आहे?" सरांनी चाचरत विचारलं.

"मी आले असते हो," मिन-आनची आई घाईने म्हणाली, "पण मी पहाटे पीठ मळायला उठते. दुपारी दुकान बंद केलं की तशीच गोणीवर पडते. तेवढीच काय ती."

"माझं तर विचारूच नका," त्साइ म्हणाले. "रात्रभर तळ्यात हवा सोडणारी यंत्रं बघायला लागतात. एक बंद पडलं की मासे उलटे. दुपारी मी तळ्यावरच्या शेडमध्ये माणसात नसतो."

"कार्यालयातून कोणी?" सरांनी शेवटचा प्रयत्न केला.

श्यू बाईंनी शेजारच्या कपाटाकडे चुकूनही पाहिलं नाही. कपाटामागे घडीची खाट होती हे सगळ्या शाळेला माहीत होतं, त्यामुळे बाकी कोणीही तिकडे पाहिलं नाही. "दुपारी मला प्रशासकीय काम असतं," त्या म्हणाल्या.

"मग राहिलं कोण?" त्साइ हसत म्हणाले. "फांग सर, वर्ग तुमचा, मुलं तुमच्या हवाली. आम्ही सकाळी फाटकाशी सोडतो ते तुमच्या भरवशावर. ती जबाबदारी तुमचीच, नाही का?"

म्हणजे मुलांना जागं राहायचा हक्क मिळाला, पालकांना झोपायचा मिळाला, मुख्याध्यापिकांना प्रशासनाचा मिळाला, आणि उरलेली जबाबदारी एकटी दारात उभी होती, ती सरांसोबत घरी गेली.

पहिल्या दिवशी अख्खा वर्ग जागा राहिला. ओठांवर बोट ठेवून एकमेकांकडे बघत, स्वातंत्र्याने ताठ. दुसऱ्या दिवशी अर्ध्यांना कंटाळा आला. सोंग घ्यायला कोणी बघणारं लागतं. आता कोणी गुण कापत नव्हतं, त्यामुळे कुन-दाचा उसासा वाया जाऊ लागला. आठवडा संपायच्या आत तो बाकावर गाल चेपून झोपला, खरोखर, लाळ गाळत. त्याच्यामागे एकेक करत बाकीचेही गेले. वर्गसभेत जे पाय आपटले गेले होते ते सगळे आता बाकाखाली सैल पडले होते.

जागी उरली दोनच माणसं. खिडकीशी मिन-आन आणि टेबलाशी सर.

सर चिमटे काढत बसायचे. गार पाण्याने तोंड धुवायचे. घरी आईचं गाळा उघडणं चालूच होतं. एक दिवस दुपारनंतर अपूर्णांक शिकवताना सरांनी फळ्यावर छेद लिहिला, वर रेघ मारली, आणि अंशाची वाट बघत उभे राहिले. खडू फळ्याला टेकलेला आणि सर नुसते उभे. मुलांना आधी वाटलं सर विचार करतायत. मग सरांच्या नाकातून बारीक शिटी आली.

त्या रात्री त्साइंचा नवा संदेश: 'दुपारी जागतो आणि तासाला झोपतो. हा कुठला न्याय?' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी श्यू बाईंनी सरांना व्हरांड्यात गाठलं. त्या वाईट नव्हत्या, फक्त मुख्याध्यापिका होत्या. "फांग सर, तब्येत बरी नसेल तर पुढच्या सत्रात तुमचा वर्ग मला दुसऱ्याकडे द्यावा लागेल. विचार करा. निवृत्तीचं वयही जवळ आलंच आहे."

त्या दिवशी दुपारी सर वर्गात बसले ते डोळे टक्क उघडे ठेवून. झोप उडाली होती, अगदी हवी तेव्हा. मुलं गाढ झोपलेली. मिन-आन खिडकीतून बघत होती, पण पहिल्यासारखी नाही. तिचे खांदे पडले होते. वस्तू हरवलेल्या माणसासारखी ती व्हरांड्याचा तोच तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहत होती.

सर उठून तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. खुर्ची लहान, सरांचे गुडघे हनुवटीशी आले.

"काय बघतेस?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"काही नाही. आता येतच नाही."

"कोण?"

या माणसाला सांगावं का, हे जोखत मिन-आनने त्यांच्याकडे पाहिलं. मग ठरवलं. "रातबगळा."

"इथे? व्हरांड्यात?"

"वर्गात सुद्धा. शाळा झोपली की तो तळ्याकडून येतो. चालत. हात मागे बांधून फिरणाऱ्या आजोबांसारखा. उष्ट्याच्या बादल्यांत डोकावतो. माशाचा दिवस असला की झाकणच पाडतो. मग दारातून आत येतो आणि तुमच्या टेबलाशी थांबतो. मान वाकडी करून तुमच्या तोंडाकडे बघतो. बराच वेळ. मग तुमच्या चपलांकडे बघतो, आणि जातो."

"माझ्याकडे? माझ्याकडे कशाला?"

"तेच मला बघायचंय," मिन-आन म्हणाली. "पण सर, त्याला सगळं कळतं. बाकीचे सोंग घ्यायचे ना, ते त्याला माहीत होतं. तो दाराबाहेर एका पायावर उभा राहून थांबायचा. तुम्ही घोरायला लागलात की मगच आत. पट्टीवाल्यांना तो कधी दिसला नाही, कारण एक फेरी मारली की ते पाण्याच्या टाकीमागे बसून झोपतात आणि बाकीचे गुण अंदाजाने लावतात. तुम्ही जागे राहायला लागल्यापासून तो आलाच नाही."

सर थक्क होऊन बसले. म्हणजे पोरीने प्रश्न विचारून जागं राहायचा हक्क मिळवला, आणि ज्यासाठी जागं राहायचं ते त्या हक्कानेच घालवलं. गंमत म्हणजे त्यांना हसू आलं नाही. त्यांना त्या पक्ष्याविषयी शंभर प्रश्न विचारायचे होते. तो कुठल्या पायावर उभा राहतो? चपलांत त्याला काय दिसतं?

"रात्री जागणाऱ्या माणसाला माझी आई रातबगळाच म्हणायची," ते पुटपुटले. "आता आमच्याच घरी एक..." आणि थांबले.

"त्या रात्री उठतात ना?" मिन-आनने विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही. रोज सांगायचात झोपेत. 'आई, अजून रात्रच आहे. गाळा बंद आहे. झोप.' असं."

सरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "आणखी काय सांगायचो?"

"बाकी पाढे."

कुन-दा झोपेत कूस बदलायला गेला आणि बाकावर ती सोय नसल्याने पुन्हा तिथेच पडला.

"सर, मी उद्यापासून डोळे मिटते," मिन-आन म्हणाली. "मी ठरवलंय. सोंग घ्यायचं. कुन-दाने शिकवलंय कसं ते. मग कोणी जागं नाही म्हटल्यावर तुम्हालाही जागायला नको. झेंडा पण परत मिळेल."

सरांना आतून वाटलं, हो म्हणावं. एक शब्द तर होता. हो म्हटलं की उद्या दुपारी टेबल, जॅकेटची घडी, आणि सलग काळोख. त्यांच्या पापण्यांनी तर आधीच होकार दिला होता.

"नाही," ते म्हणाले. "तू नको सोंग घेऊस. या शाळेत न घेणारी तू एकटीच आहेस. बाकीचं मी बघतो."

पुढच्या बैठकीत पेरूच्या जागी शेंगदाण्याचे लाडू होते, बाकी मंडळी तीच. त्साइंनी खाकरून सुरुवात केली, पण सर आधीच उभे राहिले होते. इतक्या वर्षांत ते बैठकीत आपणहून उभे राहिलेले कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्साइंचं खाकरणं अर्ध्यावरच राहिलं.

"मी दुपारी झोपतो," सर म्हणाले. "मला ती झोप हवी आहे. माझी आई रात्री झोपत नाही, गाळा उघडायला निघते, तिला परत आणावं लागतं. दुपारी झोपलो तर मी शिकवू शकतो, नाही तर नाही. आणि ती मुलगी जागी राहणार, हेही बरोबर आहे. तिला डोळे मिटायला लावून मी झोपणार नाही. आता तुम्ही सांगा."

एवढं बोलून ते बसले. आता वृद्धाश्रमांचे तीन पत्ते येणार, म्हणून त्यांनी मनाची तयारी केली.

"थांबा," त्साइ हळूच म्हणाले. "तुमच्या आई म्हणजे बाजारातल्या ग्वेई काकू? खवले काढायच्या खरवडणीने मला मारायला धावल्या होत्या त्या?"

"तू मासा चोरला असशील," श्यू बाई म्हणाल्या. त्या त्साइंच्याच बरोबरीच्या, याच शाळेतल्या.

"कोळंबी. एकच. अहो, त्या मला रात्री तळ्याच्या बांधावर दिसल्या होत्या मागे! एप्रन बांधून झपझप चालल्या होत्या. मला वाटलं, म्हातारी काय ठणठणीत आहे, या वेळी फिरायला निघालीय. मी हात केला आणि माझ्या यंत्राकडे गेलो." त्साइंनी लाडू उचलला आणि न खाता परत ठेवला. "आधी नाही का बोलायचं, मास्तर?"

"बोललो असतो तर काय झालं असतं?"

त्साइंनी लाडवांची ताटली सरांपुढे सरकवली. बैठकीत दुसऱ्याचं ऐकून घेणं त्यांच्यासाठी नवंच होतं.

"मला सोमवारी जमेल," मिन-आनची आई एकदम म्हणाली. "सोमवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी मी खरंच पडेन खुर्चीतून. पण सोमवार माझा."

श्यू बाईंनी या वेळी कपाटाकडे सरळ पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिल्या, एखाद्या जुन्या मैत्रिणीकडे पाहावं तशा. "मंगळवारी माझं प्रशासन कमी असतं," त्या म्हणाल्या.

मग सगळे त्साइंकडे बघू लागले. त्साइंनी घड्याळाकडे पाहिलं. तिथे त्यांचंच नाव होतं.

"बघता काय?" ते ओरडले. "येतो म्हटलं ना! बुधवार. पण कोणी फोटो काढायचा नाही. आणि बाकीचे दिवस ग्रुपवर टाका, तिथे फार जण हक्क-हक्क करत होते. आता बघू किती जण बोटं चालवतात."

ग्रुप त्या रात्री अगदी शांत होता. पण सकाळपर्यंत गुरुवार आणि शुक्रवारही गेले. एक कुणाच्या तरी आजोबांनी घेतला, आणि दुसरा त्या उंचीची काळजी करणाऱ्या आईने.

बुधवारी दिवे मालवल्यावर त्साइ चवड्यांवर आत आले. अंगाला तळ्याचा वास, पायांत गमबूट. बो-येनने बापाला बघितलं आणि लाजून डोकं इतक्या जोरात बाकावर टेकलं की आवाज झाला. त्साइ खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीत कसेबसे मावले.

सरांनी जॅकेटची घडी घातली, चष्मा खणात ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. लाकूड गार होतं. मागून पडद्याची कडी हलल्याचा आवाज आला.

"काय गं," त्साइंची कुजबुज ऐकू आली. ती कुजबुज शेजारच्या वर्गातही पोचली असावी. "इथे नक्की काय बघायचं असतं?"

"थांबा काका," मिन-आन म्हणाली. "आधी सरांना झोपू द्या. आणि पाय हलवू नका."

"का? पायांचं काय?"

"तेच तर बघायचंय."

सरांना खूप वाटलं, आपणही एक डोळा किलकिला ठेवावा. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सोंग घ्यावंसं वाटत होतं. एकदा, फक्त एकदाच बघावं, तो दारात कसा उभा राहतो ते. त्यांनी पापणी धरून ठेवायचा प्रयत्न केला. खिडकीशी त्साइ काहीतरी विचारत होते, मिन-आन त्यांना गप्प करत होती. मग तिचा आवाज, एकदम बारीक, आनंदाने कापणारा, "काका, डावीकडे..." आणि डावीकडे काय ते ऐकायच्या आत सर घोरायला लागले.